तोंडी

शनिवारी दहा चाळीसला माझी तोंडी.
पंधरा मिनिटं, परीक्षक दोन :
एक विचारणारा, एक नुसता लिहिणारा.
मला भीती लिहिणाऱ्याची.
मी अडकलो की तो मान वर करणार,
आणि ती वर झालेली मान
मी बालवाडीपासून ओळखतो.

नाव कमलाकर कडू. राहणार कोपरखैरणे.
बारशाला कोणी विचारच केला नाही.
बसमध्ये मी बोनकोड्याचं तिकीट काढतो,
उरलेलं चालतो.

पावण्याच्या प्लांटवर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला
जर्मन कशाला, हे घरी विचारून झालंय.
खरं सांगू?
वाशीत, सेक्टर सतराच्या त्या दुसऱ्या मजल्यावर
सगळेच अडखळतात.
बँकेतले सभाधीट गृहस्थ क्रियापदासाठी
छताकडे बघत बसतात,
सबीहा तुंगेकर, नर्स, लिंग चुकलं की जीभ चावते,
मी 'क'वर थांबलो तर बाईंना वाटतं
शब्द आठवत नाहीये,
आणि त्या प्रेमाने भलताच शब्द पुढे करतात.
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी
चारचौघांसारखा अडखळलो.

नेमलेली गोष्ट अकरा पानांची.
एक बाई, कालव्याच्या फाटकावर नोकरीला.
होडी येते, ती चाक फिरवते,
पाणी चढतं, होडी पुढे जाते.
एकतीस वर्षं.
शेवटच्या पानावर होडी भोंगा वाजवत राहते
आणि ती उघडत नाही.
बस्स.
का उघडत नाही? हा प्रश्न हमखास येतो.

नोट्समध्ये आहे : व्यवस्थेविरुद्ध मूक बंड.
बाई म्हणाल्या, एकाकीपणा. हा शब्द पाठ करा, मार्क आहेत.
बँकवाले म्हणाले, पेन्शनचं काहीतरी असणार.
मी सगळं तोंडपाठ केलं,
रात्रपाळीत पंपाशेजारी उभं राहून मोठ्यांदा म्हटलं,
एकदाही अडकलो नाही.
पंप मान वर करत नाही.

काल सबीहा परीक्षक झाली,
ड्यूटी संपवून, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये,
मध्ये उसळ-पावाच्या प्लेटा.
का उघडत नाही ती?
मी तोंड उघडलं.
कालवा त्या भाषेतही 'क'नेच सुरू होतो.
क.
क.
सबीहाने घड्याळ पाहिलं नाही,
शब्द पुढे केला नाही,
उसळीत पाव बुडवून खात राहिली.

आणि त्या अडकलेल्या वेळात
मला ते फाटक दिसलं.
अरे, हे तर माझंच काम!
अलीकडे पाणी वर, पलीकडे खाली.
दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत
उघडायचं नसतं.
आमच्याकडे एका नव्या पोराने घाई केली होती,
त्याचा डावा हात आता कायम खिशात असतो.
भोंगा होडीवाल्याचा,
पाण्याला तो ऐकू येत नाही.
ती बंडबिंड काही करत नाहीये,
ती काटा बघतेय.
आणखी चार मिनिटांनी उघडलंही असतं तिने.
लिहिणाऱ्यालाच धीर धरवला नाही.

एवढं सगळं मी बोललो.
कितव्या मिनिटाला संपलं, कोण जाणे.
प्लेटा उचलून नेल्या होत्या.
दाब तिकडेही पुल्लिंगी, सबीहा म्हणाली,
पाणी तिकडेही नपुंसकलिंगी,
तेवढं सांभाळ.
नोट्समध्ये नाही हे. मार्क देतील?
ती म्हणाली, माहीत नाही,
आणि पर्समध्ये सुट्टे शोधायला लागली.

उत्तर तयार आहे.
'एकाकीपणा' खिशात ठेवलाय, वेळ आली तर.
पण पहिला प्रश्न नावाचा असतो,
आणि नावाच्या अलीकडे
कुठलं बोनकोडे लागत नाही.