इंच

आप्पांना आयर्विन पुलावर न्यायचं म्हणजे
आधी चपला शोधायच्या, मग टोपी,
मग "गर्दी असंल का गं?" याला उत्तर द्यायचं.
डिसेंबरातली चारची उन्हं.
रिक्षावाला म्हणाला, फिरायला का आजोबा?
आप्पा म्हणाले, ड्यूटीवर.
आणि हसले नाहीत.

पुलाच्या पायथ्याशी बाग.
हिरवळीवर बसू नये अशी पाटी,
पाटीला टेकून बसलेली माणसं.
पिवळ्या घसरगुंडीवर गुडघ्याएवढ्या उंचीला
एक तपकिरी रेघ राहिलीय,
ओसरताना पाणी तिथं जरा थांबलं असेल.
नदीकडं तोंड करून दुसरी पाटी:
मगरींचा वावर आहे.
श्रेणिक ती मोठ्यानं वाचतो, पुन्हा वाचतो,
आणि मगर दिसेपर्यंत इथून हलणार नाही म्हणतो.

भडंगवाल्याला मी सांगते, लसणाचं नको.
मग भडंग खाताच कशाला ताई, तो म्हणतो.
आप्पांचं तिकडं लक्ष नाही.
त्यांचं तोंड पुलाकडं,
काळ्या दगडाच्या त्या खांबाकडं
ज्याच्यावर खालून वर आकडे रंगवलेत.

सव्वीस पावसाळे त्यांनी हे आकडे वाचले.
तासातासाला, बॅटरीच्या उजेडात,
वही प्लॅस्टिकच्या पिशवीत,
आणि फोनवर एकच सूर:
एकोणचाळीस फूट चार इंच. चढतंय.
आवाज कधी वाढवला नाही.
घाबरायचं ते ऐकणाऱ्यानं, म्हणायचे.

आमच्या गल्लीला फूट पाठ होते.
त्रेचाळीसला कोपऱ्यावरची गिरण.
सत्तेचाळीसला उपाध्ये डॉक्टरांची पायरी,
बावन्न सहा,
आमचा उंबरा.

त्या वर्षी रात्री दोन वाजता
शाळेच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या, ओली माणसं.
बाबगोंडाकाकांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला.
नेमगोंडा, किती?
सगळी खोली गप्प.
बावन्न फूट सहा इंच, आप्पा म्हणाले.
मग, नेहमीसारखं: चढतंय.
आईनं घराची किल्ली कमरेला खोचली होती
ती काढून बघितली,
परत खोचली.

आता त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग आहे.
कडेकडेचं दिसतं.
बघायला जावं तेवढंच दिसत नाही.

आज नदी कशी आहे, विचारतात.
मी सांगते, हिरवट, संथ.
सांगलवाडीच्या काठाला एक होडी पालथी घातलीय.
एक जोडपं फोटो काढतंय,
तिला सगळ्या कमानी हव्यात, त्याला सूर्य,
आणि दोन्ही एकात मावत नाही म्हणून भांडतायत.
ते नाही गं, आप्पा म्हणतात.
किती आहे?

मी काठापर्यंत जाते, डोळे बारीक करते.
शेवाळ. एका आकड्यावर कुणीतरी चुन्यानं बदाम काढलाय.
बारा, मी ओरडते, बारा फूट!
जोडपं वळून बघतं.

आप्पा बोटांना चिकटलेली एक कुरमुरी झटकतात.
इंच?

मी परत जाते.
पाणी खांबाला लागतं, सुटतं.
लागतं तेव्हा चार, सुटतं तेव्हा तीन.
आप्पा, हलतंय ते!
हलणारच, म्हणतात. नदी आहे. मधलं धर.

मागं श्रेणिक किंचाळतो, मगर, मगर!
ओंडका आहे. तरी पाच-सहा जण धावतात.
सूर्य दोन बोटं वर उरलाय,
तो जायच्या आत आप्पांचं खाऊन व्हायला हवं.
मी त्यांच्याशेजारी बसते.
लिहिलंस का, ते विचारतात.
पिशवीत पेन सापडतं, कागद नाही.
भडंगाचा पुडा रिकामा करते त्यांच्या ओंजळीत,
तेलकट कागद मांडीवर सपाट करते
आणि लिहिते,
बारा फूट साडेतीन इंच.

वेळ टाक, आप्पा म्हणतात.