मोजा

इब्रीच्या स्टोअरात कुन्हीमोन विचारतो, कुठला देऊ?
मी म्हणतो, आधी तार दाखव.
कॅलिपर लावतो. अठ्ठावीस मिलिमीटर आणि वर थोडं.
या पोलादी जाळीला सगळी गँग मोजा म्हणते.
मराठीत तो हुकूमही होतो,
हे कुन्हीमोनला समजावता आलेलं नाही.

माझे वडील कासार.
बाईचा पंजा अंगठ्याखाली एकदाच दाबायचे
आणि माप सांगायचे: सव्वादोन. अडीच.
सैल बांगडी विहिरीत जाते, म्हणायचे,
घट्ट बांगडी रडवते.

इथे विहीर नाही. खाली कोरडा ओढा आहे,
इथले लोक त्याला वादी म्हणतात.
माझ्या कानाला अजून वाडीच ऐकू येते,
पण घर एकही नाही, दोन गाफची झाडं आणि शेळ्या.

नवा पोरगा, दत्ताराम रेवाळे,
एक नंबर मोठा मोजा घेऊन आला.
"पटकन चढतो, काका."
चढणारच. उतरेलही पटकन,
दोन टन ओढ असताना, न विचारता.
काढ. बरोबरचा घे. तोंड आखडून धर,
तारेवर जाळी सुरवंटासारखी सरकव,
टोक पार आतपर्यंत जाऊ दे.
शेपटीवर दोन पट्ट्या आवळ,
पुढे फिरकी लाव. तारेला पीळ असतो,
तिचा पीळ तिला सोडवू दे.

हैमाच्या लाइनवर, पुष्कळ वर्षांपूर्वी,
एक मोजा सुटला.
तार झाडावरून फटकारत गेली
आणि इद्रिस मुकादमची दोन बोटं घेऊन गेली.
तो आता खेडला चहा विकतो.
उरलेल्या तिघांनी ग्लास छान धरतो, मी पाहिलंय.
मला एका शब्दानं बोलला नाही.
मोजा मी दिला होता.

म्हणून संध्याकाळी ब्रश मारून वाळू काढायची,
मग जुन्या बनियनची चिंधी
जाळीवरून हलकेच फिरवायची.
डोळ्याला दिसत नाही ते चिंधीला लागतं.
परवा लागलं. एक तंतू तुटलेला.
इंजिनियर सालिम अल-याकूबी म्हणाले, एकच तर आहे,
नवा मस्कतहून यायला चार दिवस.
मी ग्राइंडर चालू केला
आणि मोज्याचे दोन तुकडे केले, सगळ्यांसमोर,
म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको.
ते काही बोलले नाहीत. चार दिवस लिहून टाकले.
एका तुकड्याला खाली गाठ मारून
स्वयंपाक्यानं त्यात कांदे टांगलेत.

आज तार चढली. सगळे खूश.
दत्ता मोजा काढायला बसला
आणि ओढतोय, ओढतोय, लाल झालाय.
जितकं ओढशील तितकं ते धरणार,
त्याला तेवढंच शिकवलंय.
मी त्याच्या हातांवर हात ठेवले.
ओढू नकोस. दोन्हीकडून आत ढकल, हळू.
त्याला कळू दे, काम संपलं.

जाळी फुगली, सैल झाली,
आणि तारेवर तिची नक्षी राहिली,
फिकट, चौकटी-चौकटींची,
नवी बांगडी काढल्यावर
मनगटावर काही वेळ दिसते तशी.
साडेबारा वाजले होते.
उन्हाळ्याच्या नियमानं साडेतीनपर्यंत काम बंद.
सावली फक्त टॉवरची होती,
तिच्या फटींत आम्ही सात जण बसलो.