डबल बेल

प्रज्योतने नागोयाहून टेबल राखून ठेवलं, आसगावला.
साडेसात, दोन माणसं, खिडकीजवळ.
लग्नाला छत्तीस वर्षं झाली म्हणून.
तो तिथे काय खातो ते आम्हाला कळावं,
म्हणूनही असेल.

मिळालं ते बाथरूमच्या दाराला लागून.
खिडकीजवळ कोणी नव्हतं.
सव्वाआठपर्यंत कोणी नव्हतं.
‘वो रिझर्व्ह है मॅडम,’ वेटर म्हणाला,
आणि माझ्या तोंडातच राहिलं,
अरे, ते आमच्याच नावावर असेल, बघ तरी.

मेन्यू म्हणजे टेबलाला चिकटवलेला एक काळा-पांढरा चौकोन.
ह्यांनी त्यावर मोबाइल धरला, मग चष्मा लावला, मग परत मोबाइल.
चौकोन काही उघडेना.

वेटरच्या छातीवर नाव होतं, बिपुल.
आमच्याकडे पाण्याचाही दुष्काळ.

ह्यांनी हात वर केला.
बिपुल बघत होता, पण आमच्या डोक्यावरून,
जशी माणसं घड्याळाकडे बघतात.
परत हात.
तेवढ्यात दिल्लीकडची चार माणसं आली, सोबत कुत्रा.
खिडकी त्यांची झाली.
कुत्र्याला चिनीमातीच्या वाटीत पाणी आलं.
आमचं त्यानंतर.

आधी भात आला. गार व्हायला ठेवल्यासारखा नुसता समोर बसला.
मग मासा, नखाएवढे सहा तुकडे.
‘कुठला?’ ह्यांनी विचारलं.
‘नॉर्वे, सर.’
ह्यांनी मान हलवली, बदलीच्या गावाचं नाव ऐकल्यासारखी.
मागे दोन मैलांवर शापोरा नदी आपली वाहतच होती.
सूप आलं सगळ्यात शेवटी.
आणि चमचा, जो ह्यांनी भाताबरोबर मागितला होता,
तो आला बिलाबरोबर,
रुमालात गुंडाळून, अगदी अदबीने.

मी मोजले होते. नऊ वेळा हात.

बिलात खाली बारीक अक्षरांत, सेवा शुल्क दहा टक्के.
मी म्हटलं, ‘काढायला लावा. कसली सेवा?’
एरवी हा माणूस आठ आण्यांसाठी
म्हापसा स्टँडवर भांडलेला आहे.
आज कागदाकडे बघत राहिला,
मग नोटा बोटांत उभ्या घडीने धरून मोजल्या.
ती सवय अजून गेलेली नाही,
एकोणतीस वर्षं कदंबच्या गाडीवर होते, कंडक्टर.
वर सुटे दोन रुपयेसुद्धा ठेवले.

बाहेर स्कूटरला किक मारता मारता थांबले.
‘शिवोलीच्या तिठ्यावर एक बाई असायची,’ म्हणाले.
‘माशांची पाटी घेऊन. रोज हात करायची.
वास येतो म्हणून लोक कुरकुरत.
मी डबल बेल द्यायचो.’
मी म्हटलं, ‘गाडी भरलेली असायची ना?’
‘कधी कधी.’
किक.
‘कधी कधी नसायचीसुद्धा.’

एवढ्यात प्रज्योतचा फोन. तिथे रात्रीचा एक वाजून गेलेला.
जागा होता, फक्त हे विचारायला.
‘कसं होतं, आई?’
‘मस्त,’ मी म्हटलं. ‘खिडकीजवळच बसलो.’
‘आणि बाबांना आवडलं?’
मी फोन ह्यांच्या कानाला लावला.
‘मासा ताजो आसलो,’ हे म्हणाले.

मग काळोखातून निघालो, पोटात अर्धी भूक घेऊन.
घरी सकाळची कढी होती, शीत टाकायला दहा मिनिटं,
असा हिशेब मी मागे बसून करत होते.
चर्चच्या वळणावर कोणीतरी हात केला.
स्कूटरवर तिसऱ्याला जागा कुठली,
तरी ह्यांनी ब्रेक दाबला, इतक्या जोरात
की माझं कपाळ ह्यांच्या पाठीवर आपटलं.

त्या माणसाला फक्त पर्राचा रस्ता हवा होता.
ह्यांनी सांगितला.
वळणं बोटांवर मोजून,
दोनदा.