पुदिना

आयोवात जून. मुलं गेली. मेन स्ट्रीट उकरलीय,
वाफेचा जुना पाइप उघडा पडलाय
टाके घालायचे राहून गेल्यासारखा.
कॉफीवाल्याची पाटी: दुकान चालू आहे, मागून या.

वसतिगृहात व्हर्लिन भिंत घासतो.
खिळ्यांची भोकं मुलांनी टूथपेस्टनं बुजवलेली,
दंड चुकवायला.
सँडपेपर फिरला की खोलीभर पुदिना.
एकतीस उन्हाळे. तो कुणाचंच नाव वर कळवत नाही.

दोनशे बाराच्या कपाटात, आतल्या अंगाला,
पेन्सिलीनं उंचीच्या खुणा.
अठराव्या वर्षी कोण वाढतं?
कुणीतरी वाढलंय. ऑक्टोबर ते मे, अर्धा इंच.

बाहेर काँक्रीटचा मिक्सर गरगरतोय.
तो कपाटाचं दार लावून घेतो,
डबा भिंतीकडे सरकवतो.
जेवणाआधी पहिला हात तरी व्हायला हवा.