सोपो

शुक्रवारी पहाटे पाचला म्हापशाच्या बाजारात
माझ्याआधी फक्त मांजरं असतात आणि फुलवाल्या.
काखेत चामड्याची पिशवी, हातात पावतीपुस्तक,
गुलाबी कागद, दहा रुपये, मधोमध भोकांची ओळ.
अठरा वर्षं मी ती ओळ फाडतो आहे.
सरळ फाडायला हात लागतो.
कुणी विचारत नाही, म्हणून सांगितलं.

मंगळवारी पालिकेच्या फळ्यावर मसुदा लागला.
दहाचे पंचवीस, तेही बैठकीमागे नाही, चौरस मीटरमागे.
व्यापार परवाना दुप्पट, घरपट्टी दीडपट,
कचऱ्यासाठी एक नवाकोरा रकाना,
आणि तळाला : हरकती तीस दिवसांत, लेखी.
कागद इंग्रजीतला. मी शेडखाली वाचून दाखवला.
‘सेस’पाशी अडलो,
मग म्हणालो, ‘अजून एक.’
सगळ्यांना कळलं.

आरडाओरड होईल वाटलं होतं. झाली नाही.
पुढच्या शुक्रवारी मिरच्यांचे वाटे बारीक झाले, एवढंच.
वीसचा वाटा वीसलाच,
आतल्या तीन मिरच्या गेल्या.
दर अजून लागूही नव्हता,
पण भीती आगाऊ भरावी लागते
आणि तिची पावती मिळत नाही.
रुझारिनच्या चोरिसांच्या माळेतला एक मणी कमी.
मी बघतोय हे बघून म्हणाली,
‘मोजतोस कित्याक? तेर्स म्हणायचाय?’
पोदेराने पाव तेवढाच ठेवला, आतली हवा वाढवली.
टेंपोवाला गुरुदास बोनेटवर चहा ठेवून हिशेब सांगत होता :
रस्ताकर वाढला की मी भाडं वाढवणार,
भाडं वाढलं की भाजी वाढणार,
भाजी वाढली की घरी बायको
भाजी कमी वाढणार.
हसलो आम्ही. चहाही दोन रुपयांनी वाढला होता.

वरच्या मजल्यावर पंख्याखाली हिशेब सोपा आहे :
सहाशे बैठका गुणिले इतके मीटर गुणिले पंचवीस.
त्या पैशांतून शेडचे पत्रे, नवी गटारं.
खोटं नाही ते. गटारं तुंबतात,
माझ्याच चपला भिजतात.
गुणाकार मलाही येतो.
फक्त त्यातला पहिला आकडा मला दिसतो,
टोपली डोक्यावर घेऊन बस पकडताना.

मग मोजणीसाठी मला टेप दिली आणि खडू.
केरीची द्रौपदी गावस वर्षातून चारपाच शुक्रवारच येते,
ओल्या काजूबिया घेऊन,
चिकाने बोटं काळी, सोललेल्या बिया दुधासारख्या.
तिच्या गोणपाटाभोवती मी खडूची चौकट ओढली.
‘किती झाले?’
सांगितले.
तिने बिया एका बाजूला लोटल्या, गोणपाट दुमडला.
‘आता?’
मी पुन्हा मोजलं.
तिने पुन्हा दुमडला.
‘आता?’
तिसऱ्या घडीला बिया ओच्यात आल्या,
गोणपाट काखेत गेला, ती उभी राहिली.
‘उभ्या माणसाचे किती?’
मसुदा चाळला. दोन्ही बाजू.
उभ्या माणसाचा दर नव्हता.
‘अजून ठरलं नाही’ म्हणालो,
आणि हे वाक्य माझ्या तोंडात
साहेबांच्या आवाजात आलं.

दहाची पावती मी तरी फाडली. जुना दर अजून चालू आहे.
त्या दिवशी ती वाकडी फाटली.

अकराच्या बसने ती गेली. चौकट राहिली.
लोक तिच्यावर पाय न देता वळून जात होते,
का कोण जाणे, रिकामी तर होती.
बाराला पर्वरीची एक बाई त्या चौकटीत येऊन उभी राहिली,
हातात कापडी पिशवी, सुट्टे पैसे मोजलेले.
‘काजूबिया विकणारी कुठे गेली?’
पुढच्या शुक्रवारी येईल, मी म्हणालो.
आणि खिशातल्या खडूचा
हाताने चुरा करत राहिलो.