मुडी

कन्ना चौकात माझं टायपिंगचं दुकान.
एका पानाचे वीस, मराठीचे तीस,
फोटो चिकटवायचा असेल तर डिंक फुकट.

राजेशम गुंडेटी तीनला येतो म्हणाले होते,
पावणेतीनलाच आले, भर मे महिन्यात,
चपला दाराबाहेर काढून.
"चिंचोळीला टॉवेलची नवीन कंपनी आलीय,
बायोडाटा मागतात."

साचा माझ्याकडे तयारच असतो.
कष्टाळू, वक्तशीर, सर्वांशी मिळून-मिसळून.
या गावातले निम्मे बेकार
माझ्याच त्या शब्दांनी कष्टाळू झालेत.

"काका, जमेची बाजू सांगा."
ते पंख्याकडे बघत बसले.
"म्हणजे, काय चांगलं येतं?"
"जोडणी."
"म्हणजे?"
"जुनं बीम संपतं. नवं चढवायचं.
जुन्याचा दोरा, नव्याचा दोरा, मुडी.
मग पुढचा. चोवीसशे दोरे.
बोटांना राख लावायची. बघायचं नाही."

टाइप केलं: दिवसाला चोवीसशे गाठी.
साहेबांना आकडा आवडतो.
"आणि चांगली गाठ ओळखायची कशी?"
हसले. "ओळखता आली तर चांगली कुठली?
फणीतून सुळ्ळकन गेली पाहिजे.
दिसली की मजुरी कापतात."

आता हे विकायचं कसं, सांगा.
बत्तीस वर्षं हा माणूस एकच शिकलाय,
इथं आपला हात लागला होता
हे कुणाला कळू न देणं.
आणि मी त्याला म्हणतेय, दाखवा.

"मधली ही पाच वर्षं?"
"कारखाना बंद."
"मग करत काय होता?"
"लक्ष्मम्मा विड्या वळायची.
मी पानं कापून द्यायचो."

मी लिहिलं: स्वतंत्र व्यवसाय.
सगळ्यांचं लिहिते तसंच.
त्यांना मराठी सावकाश वाचता येतं.
बोट ओळीवरून आलं, तिथं अडकलं,
मागं गेलं, पुन्हा अडकलं.
"इथं मुडी दिसते, बाई."

खोडलं.
लाइट गेली, आली, पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी होतं तसं लिहिलं:
पाच वर्षं कारखाना बंद, घरी विडीची पानं कापली.
बोट फिरलं. या वेळी थांबलं नाही.

कष्टाळू काढून टाकलं.
वक्तशीर राहू दिलं, ते मी स्वतः पाहिलं होतं.
सगळ्यात वर, जिथं उद्दिष्ट लिहितात, तिथं
त्यांनी सांगितलं तेच घातलं:
मी जोडलेलं कापड कुठं जोडलंय
ते तुम्हाला सापडणार नाही.

कागद गरमच होता. त्यांनी घडी घालायला घेतली.
"काका, नको, साहेब लोक चुरगळलेलं बघत नाहीत."
"चुरगळणं वेगळं, घडी वेगळी."
आडवी एक, उभी एक, कडेला कड,
आणि नाव बरोबर वर आलं,
चादरीवर लेबल येतं तसं:
गुंडेटी राजेशम नरसय्या.
"नवी पेठेत गिऱ्हाईक आधी घडीच बघतं, बाई.
उलगडायला लागलं की
अर्धा माल खपला."

तीस रुपये मोजून दिले, सुट्टे.
मी पंखा त्यांच्याकडे वळवेपर्यंत
ते उन्हात पोचले होते.