चौदा-पंधराचा पाना

स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले तेव्हा
वहिनी म्हणाली, पाटल्या कर.
मी शहापूरहून जीप आणली, टोचन लावून,
अठ्ठ्याऐंशी सालची, एका गुरांच्या डॉक्टरची.
रबाळ्याच्या कंपनीत एकवीस वर्षं
मी यंत्रांची चित्रं काढली;
एकाही नटाला हात लावला नव्हता.

ऐरोली, सेक्टर सतरा, बी-विंगच्या मागे
चेंबरच्या झाकणाशेजारी तिची जागा.
पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरी तावड्यांची नोटीस:
ऑइलचे डाग पडत आहेत, संबंधितांनी दखल घ्यावी.
संबंधित म्हणजे मी.
दखल घेतली, पुठ्ठा अंथरून, उताणी झोपून.

वरून गाडीला रंग असतो,
खालून वय.
पाट्यांची कमान बसलेली,
बुशांचं रबर जुन्या खजुरासारखं,
आणि मागच्या शॅकलचा एक बोल्ट
ज्याने माझे अकरा रविवार खाल्ले.
त्याला डिझेल पाजलं, हातोडी दाखवली,
शिव्या दिल्या, ज्या मला येतात
हे मलाच माहीत नव्हतं.
बाराव्या रविवारी तो असा सुटला
जणू कधी धरूनच नव्हता.
चौदा-पंधराचा पाना हनुवटीवर बसला. दोन टाके.

टाक्यांवरून आठवलं:
सीटचं रेक्झिन फाटलं होतं तिथे
कुणीतरी शिवलेलं होतं. शिंप्याची धावदोरी नव्हे,
प्रत्येक गाठ सुटी, आपापली,
म्हशीचं पोट शिवतात तशी.
मग तो मला सगळीकडे दिसायला लागला, तो डॉक्टर.
हेडलाइटच्या वायरीला जखमेवरची चिकटपट्टी.
रेडिएटरच्या वरच्या तोंडाला सलाइनची नळी.
डॅशबोर्डच्या खणात गुरांचा थर्मामीटर
आणि एक चिठ्ठी, निळ्या शाईत:
डावा ब्रेक ओढतो. उजवीकडे धरून दाबणे.

मी सगळं नवं घातलं.
मास्टर सिलिंडर, चारी चाकांचे ब्रेक-शू,
फ्यूजबॉक्ससकट वायरिंग, आधी आराखडा काढून
(माप एकास दोन, सवय जात नाही),
कुर्ल्याहून आणलेला पॉवर ब्रेकचा डबा,
पुढे दोन पांढरेशुभ्र दिवे,
ज्यांच्यावर तावड्यांची दुसरी नोटीस निघाली.
सीट तेवढी तशीच ठेवली.
पैसे संपले, असं वहिनीला सांगितलं.

मार्चअखेर काथोड मढवी आला, दिवा कोळीवाड्यातून,
हातात चप्पल, गुडघ्यापर्यंत खाडी.
“ताय, तुजी गारी चिखलान जाते
का निस्तीच उभी?”
होडी रुतलेली, तळाला चीर, वर इंजिन,
भरती यायच्या आत काढायची,
आणि ट्रॅक्टरवाला हळदीला गेलेला.

मला माहीत नव्हतं ती जाते का.
जेट्टीच्या उताराशी उतरून पुढचे हब फिरवले,
छोटा दांडा मागे ओढला. फोर-लो.
असे दात मी कागदावर शेकड्यांनी काढलेत.
त्यांची खटकी तळहाताला
पहिल्यांदाच लागली.

दोर ताणला. चाकांनी पहिला चिखल
माझ्याच तोंडावर उडवला.
काठावरून काथोडची आई ओरडत होती, हलू, हलू.
मी क्लच सोडला
शाईची रेघ ओढतात तसा, श्वास धरून.
गाडी धावली वगैरे नाही.
सरकली. वीतभर. थांबली. अजून वीतभर.
आणि मागे होडी,
चिखलाने नाइलाजाने तोंड उघडल्यासारखी.

परत येताना मांडीवर कागदात दोन वाटे बोंबील.
दिवे लागलेले, रस्ता मोकळा.
चौकात ब्रेक दाबला
आणि गाडी मुकाट्याने डावीकडे गेली.

नवे शू. नवा सिलिंडर. नवं सगळं.

रात्री शहापूरला फोन लावला.
आठ महिन्यांत पहिल्यांदा.
पलीकडे कुणीतरी हंबरत होतं, त्याला दटावून
ते ओरडूनच बोलले:
“उजवीकडे धरून दाबलंत का?”